शुक्रवारचा ग्राफ

नारपोली, भिवंडी
६ ऑक्टोबर १९९६

भाईजान,

सलाम. तू पाठवलेलं मलम पोचलं. अम्मी म्हणते ते रशिदाभाभीच्या पाठीला जास्त लागेल, भाभी म्हणते अम्मीच्या गुडघ्यांना, आणि डबी अजून फळीवर न उघडता पडली आहे. तुझी आई आणि तुझी बायको एकमेकींना इतकं जपतात की त्यांच्या समजुती घालून मीच दमले.

आता बातमी. सत्तारचाचांच्या कारखान्याचा अहवाल आला आणि तो आपल्या बाजूने आला. यंत्रमागांच्या हादऱ्याने मागच्या भिंतीला तडे गेलेत, ती पडेल, असा अर्ज शेजारच्या पंढरीने नगरपालिकेत दिला होता, हे तुला लिहिलंच होतं. तसं निघालं असतं तर कारखाना बंद करावा लागला असता, आणि मग मार्चमध्ये येऊन तू काय चालवणार होतास? तिकडे राबून तू एकेक माग घेत गेलास तो कायमचं घरी येता यावं म्हणूनच ना. अहवाल आला त्या संध्याकाळी चाचा स्वतः मिठाई घेऊन आले. म्हणाले, "खुर्शीद, तुझ्या कंप्यूटरनं आपली इज्जत राखली बघ." मी म्हटलं, चाचा, कंप्यूटरने काही राखलं नाही, भिंतच चांगली आहे.

गंमत म्हणजे भिंत तपासायचं हे काम आमच्याच ऑफिसकडे आलं. रामनाथसाहेबांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की कारखाना माझ्या चाचांचा आहे, भावाचे माग त्यात आहेत. ते म्हणाले, "मोजणार मी, सही माझी. तुम्ही फक्त ग्राफ छापायचे." साहेब पुण्याचे, इथे जवळच कोन गावात ऑफिस थाटून त्यांना वर्षही झालेलं नाही. यंत्र घेऊन ते नारपोलीला गेले तो नेमका शुक्रवार. सगळे माग बंद, गल्ली गप्प, आणि हे भिंतीला यंत्र चिकटवून तिची थरथर मोजत बसले. परत आले ते खुशीत, की भिवंडी ऐकली होती तितकी काही गोंगाटाची नाही. मी हसू दाबून सांगितलं, साहेब, शुक्रवारी इथे मागांना सुट्टी असते. बिचारे शनिवारी पुन्हा गेले आणि माग चालू असताना मोजून आले.

तानीचाही जीव भांड्यात पडला. तुला आठवत असेल, वज्रेश्वरीच्या बाजूची, आपल्याकडे सुताच्या कांड्या भरायला येते ती. तिची खोली याच भिंतीला टेकून आहे. भिंतीच्या भीतीने ती, तिचा नवरा जान्या आणि पोर गंगू, तिघंही आपल्या ओट्यावर झोपायला येत होती. अहवालाचं कळलं तशी तिने मला विचारलं, "कागदान लिवलंय ना, न्हाय पडनार म्हनून?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने गोधड्या उचलून नेल्या.

एक तुझ्या धंद्यातलं विचारायचं आहे. काल एका पिठाच्या गिरणीचं काम होतं. पडद्यावर दोन ग्राफ शेजारी शेजारी लावले, डावीकडचा बघून कॉपी केला, अहवालात चिकटवला, तर आला उजवीकडचा. वेळीच दिसलं म्हणून निभावलं. तुमच्याकडे पंपांची थरथर बघायला हाच प्रोग्रॅम आहे असं तू म्हणाला होतास. याचं पुस्तक इंग्रजीत, विटेएवढं जाड, आणि साहेबांना विचारलं तर म्हणतात, "मला विचारू नका, मी मोजणारा माणूस." तूच सांग, कुठला ग्राफ उचलायचा ते हा प्रोग्रॅम कशावरून ठरवतो?

अम्मीला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती म्हणते, सामान थोडं आण पण वेळेवर ये.

तुझी,
खुर्शीद

जुबैल, सौदी अरेबिया
२० ऑक्टोबर १९९६

खुर्शीद,

वालेकुम सलाम. दोघींनी मलम लावलं नाही तर येताना आणखी चार डब्या आणीन, अशी धमकी दे त्यांना.

चाचांची बातमी वाचून खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजला. आम्ही सहा जण आहोत. सहाही जण पुढच्या वर्षी घरी जाणार आहेत, आणि मी आलो तेव्हापासून ते पुढच्या वर्षीच जाणार आहेत. खरंच जाणारा मी पहिला. इथल्या साहेबाला सांगून टाकलं की करार वाढवायचा नाही. त्याने विचारलं, गावी काय करणार? म्हटलं, माझा कारखाना आहे. हे वाक्य मी इंग्रजीत किती वर्षं घोकत होतो, तुला काय सांगू.

आता तुझा ग्राफ. तू कुठे बघतेस ते कंप्यूटरला कळत नाही. तू शेवटचं क्लिक कुठे केलंस तेवढंच त्याला कळतं. पडद्यावर दहा विंडो उघड्या असल्या तरी चालू एकच असते. तिच्या डोक्यावरची पट्टी निळी दिसते, बाकीच्यांची राखाडी. कॉपी म्हटलंस की निळ्या पट्टीवालीच क्लिपबोर्डवर जाते, मग तुझे डोळे कुठे का असेनात. म्हणून जो ग्राफ हवा त्याच्या पट्टीवर आधी क्लिक कर, पट्टी निळी झालेली बघ आणि मगच कॉपी कर.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. हा प्रोग्रॅम कुठलाही ग्राफ ताणून चौकटभर मोठा करतो. थरथर मुंगीएवढी असो नाहीतर हत्तीएवढी, रेघा सारख्याच उंच दिसतात. रेघांवरून ओळखायला जाशील तर फसशील. कडेला बारीक आकडे असतात, ते वाचत जा. आमच्याकडे नवीन आलेले इथेच चुकतात, चांगला पंप उघडून बसतात आणि बिघडलेला चालू ठेवतात. रिकामा वेळ मिळाला की जुने अहवाल काढून आकडे ताडून घे. सवय चांगली आहे.

रशिदाला सांग, आता पत्रं छोटी लिहीन. बोलायचं थोडं शिल्लक ठेवतोय.

तुझा भाऊ,
अब्दुर्रहमान

नारपोली, भिवंडी
३ नोव्हेंबर १९९६

भाईजान,

हे पत्र मी अम्मीला वाचून दाखवणार नाही. तिच्यासाठी आणि भाभीसाठी वेगळ्या कागदावर चार ओळी लिहून आत घातल्या आहेत. उत्तरात तूही तसंच कर.

तू सांगितलंस तसे जुने अहवाल काढले. चाचांच्या अहवालातला ग्राफ शुक्रवारचा आहे.

मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. कडेचे आकडे शुक्रवारचे, माग बंद असतानाचे. त्याच्याखाली मीच टाइप केलंय, 'माग चालू असताना'. कसं झालं तेही आता कळतं. बंद आणि चालू यातला फरक साहेबांना बघायचा होता, म्हणून दोन्ही ग्राफ शेजारी लावले होते. शुक्रवारच्या ग्राफवरची अक्षरं बारीक वाटली म्हणून ती मोठी करायला शेवटचं क्लिक मी त्याच्यावर केलं, आणि मग शनिवारच्याकडे बघत कॉपी केलं. आमचा पडदा जुना आहे, त्यावर निळं आणि राखाडी सारखंच दिसतं. रेघाही दोन्हीकडे सारख्याच उंच. साहेबांनी छापलेल्या ग्राफवरूनच आकडा वाचला. मला आठवतं, ते म्हणाले होते, "भिंतीला हात लावला तेव्हा जास्त वाटलं होतं. पण यंत्र सांगतं ते खरं." आणि सही केली.

शनिवारचा खरा आकडा मर्यादेच्या दुपटीहून वर आहे.

अजून मी कुणाला सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? चूक कुणाचीही होते, पण ही चूक नेमकी आपल्या कारखान्याच्या कामात आणि नेमकी आपल्या फायद्याची झाली. चूक झाली असं मी म्हटलं तर कोण मानेल? मी स्वतः दुसऱ्याचं मानलं नसतं. आणि सांगितलं तर कारखाना बंद, मग तुझं येणं कसलं. भाभीने तुझ्या खोलीला चुना लावून घेतलाय. मला तिच्याकडे बघवत नाही.

काल तानीच्या चुलीवर भिंतीचा गिलावा पडला. ती हसत सांगत होती, "भाकरीन माती आली, बाय. निवडून खाल्ली."

साहेब दिवाळीला पुण्याला चाललेत. ते परत येईपर्यंत तुझं उत्तर येईल असं वाटतं. काय करू ते लिही. मला फार भीती वाटते.

खुर्शीद

जुबैल
१५ नोव्हेंबर १९९६

खुर्शीद,

कुणाला काही सांगू नकोस.

शांत डोक्याने वाच. तू हे मुद्दाम केलेलं नाहीस. तो प्रोग्रॅमच तसा आहे, मी स्वतः तुला समजावलंय. सही तुझ्या साहेबाची आहे, त्याला आकडे वाचता येत होते. मग सगळं तुझ्याच डोक्यावर का? आत्तापर्यंत जे झालं ते आपोआप झालं. आता जे करशील ते मात्र तुझ्या हाताने होईल, आणि ते आपल्याच माणसांवर होईल.

मी मार्चमध्ये येतो आणि घरात पाय ठेवल्यावर आधी ती भिंत उतरवून नवी बांधतो. हा माझा शब्द. तोवर तानीला काहीतरी निमित्त सांगून तिथून हलव, ओलीचं सांग, उंदरांचं सांग. भिंत मी लहान असल्यापासून उभी आहे, आणखी चार महिने उभी राहील.

इथलं तुला कधी लिहिलं नाही, आता लिहितो. माझ्या वयाच्या माणसाला आता इथे ठेवत नाहीत. मला ठेवलं कारण मी नाही म्हणत नाही. उन्हात कुणी चढत नाही तिथे मला चढवतात. करार नको म्हटल्यावर माझ्या जागी दुसरा माणूस ठरलासुद्धा. लग्नानंतर रशिदाबरोबर मी जितका राहिलो त्याहून जास्त या खोलीतल्या खाटेबरोबर राहिलो आहे. मी थकलो आहे, खुर्शीद. इतका की तुझ्यावर रागवायलाही मला जोर करावा लागतो.

चार महिने गप्प राहा. एवढंच मागतोय.

अब्दुर्रहमान

नारपोली, भिवंडी
२ डिसेंबर १९९६

भाईजान,

तुझं पत्र पोचलं. तू म्हणालास ते मी आधी करून पाहिलं, हे तुला कळावं म्हणून सगळं लिहिते.

तानीकडे गेले. म्हटलं, थोडे महिने पुन्हा आमच्या ओट्यावर या. ती म्हणाली, "कशाला? तूच बोललीस ना, न्हाय पडनार." मी ओलीचं सांगितलं. ती हसायला लागली. "थंडीत कंची वल, बाय? जान्यानं आताच खोली सारवलीय." मग मला पटावं म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, गंगूला कडेवर घेऊन, की बघ कशी टणक आहे. पलीकडे माग चालू होते. भिंतीला टेकून ती बोलत होती आणि तिचा आवाज कापत होता, भाईजान. तिला त्याची इतकी सवय की तिला ते कळतही नव्हतं. ती तिथे उभी होती कारण कागदावर तसं लिहिलं होतं, आणि कागदावर मी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रामनाथसाहेबांना सांगितलं.

ते ओरडले नाहीत. दोन्ही ग्राफ पुन्हा पडद्यावर लावायला सांगितले आणि चूक कशी झाली ते करून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मग ते म्हणाले, "कारखाना तुमच्या चाचांचा नसता तर मी लगेच विश्वास ठेवला असता." मी म्हटलं, नसता तर सांगायला मला इतके दिवस लागले नसते. नवा अहवाल त्यांनी स्वतः टाइप केला, एका बोटाने, मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी म्हणाले, दुसरीकडे कुठे तरी बघा. मी त्यांना दोष देत नाही.

माग त्याच आठवड्यात बंद झाले. चाचा आता दारावरून जातात पण आत येत नाहीत. अम्मीला त्यांनी रस्त्यातच सांगितलं, "भाभी, तुझ्या पोरीनं घरचं पोट मारलं. पंढरीला जे जमलं न्हाय ते हिनं केलं." भिंत आणि पाया नव्याने घालायची ताकद त्यांच्यात नाही, म्हणून ते माग विकायला निघालेत. तुझेही.

भाभीला मीच सांगितलं, तू मला काय लिहिलं होतंस तेसुद्धा. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "जा, तानीच्या गोधड्या घेऊन ये." भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तू एकच गोष्ट मागितलीस आणि मी ती दिली नाही. मला माहीत होतं की मी काय घेते आहे आणि कुणाकडून. तू वाटेल ते लिही, पण लिही.

खुर्शीद

नारपोली, भिवंडी
१२ जानेवारी १९९७

भाईजान,

सलाम. तुझं पत्र नाही. रमजान लागला तरी नाही.

भिंत उतरवली. गवंड्याने वरून एकेक वीट काढायची म्हणून परांची बांधली होती, पण पहिल्या रांगेलाच हात घातला तशी मधली सगळी भिंत तानीच्या खोलीत बसली. खोलीत कुणी नव्हतं. धूळ खाली बसल्यावर चाचा ते बघायला आले आणि तसेच निघून गेले. माझ्याशी अजून बोलत नाहीत. माग मालेगावच्या माणसाने ट्रकवर चढवून नेले.

मी आता एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. काम सोपं आहे.

तू येणार की नाही, एवढं तरी कळव. भाभी विचारत नाही. पण पोस्टमनची वेळ झाली की ती काहीतरी काढून दारात जाऊन उभी राहते.

खुर्शीद

जुबैल
२८ जानेवारी १९९७

खुर्शीद,

वालेकुम सलाम. तुझी दोन्ही पत्रं माझ्यापुढे आहेत. पहिल्याला मी उत्तरं लिहिली होती, पण फाडून टाकली. तू वाचावंस असं त्यांत काही नव्हतं. नंतर रोजे सुरू झाले. उपाशी पोटी राग धरायलाही ताकद लागते, ती काही माझ्यात नाही.

मी करार वाढवलाय, तीन वर्षांचा. पंपांवर माझ्या जागी ठरलेला माणूस येऊन बसला होता, म्हणून मला बाहेरच्या टाक्यांवर टाकलंय. पगार तोच आहे, ऊन जास्त आहे. खोलीतल्यांनी काही विचारलं नाही. माझी ट्रंक खाटेखाली परत सरकवायला दोघांनी हात लावला. साहेबाने मात्र विचारलं, कारखान्याचं काय झालं? म्हटलं, भिंत खराब निघाली. तो म्हणाला, वेळेत कळलं हे बरं झालं, आत माणसं असती तर? मी हो म्हणालो.

भिंत तानीच्या खोलीत बसली, हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी रोज वाचतो. मी तुला चार महिने मागितले होते, आणि त्या भिंतीकडे तेवढे नव्हते. तू केलंस ते बरोबर केलंस. हे आज लिहिता येतंय. तोंडाने म्हणता येईल की नाही, मला माहीत नाही, म्हणून मी येईन तेव्हा लगेच तो विषय काढू नकोस.

रशिदाला वेगळं पत्र आहे. ते तिचं तिला वाचू दे.

अम्मीला मात्र तूच सांगायचं आहे. तुला खोटं जमत नाही हे आता सगळ्या नारपोलीला ठाऊक झालंय, तरी माझ्यासाठी एवढं कर. तिला तीन वर्षं एकदम सांगू नकोस. आधी एक सांग. ते सरत आलं की दुसरं सांग.

तुझा भाऊ,
अब्दुर्रहमान